नमुना नेला, निकाल कुठे आहे?

जळगावहून अजिंठ्याकडे जाणारी एसटी पहूरला थांबते तेव्हा निम्मी रिकामी होते आणि लगेच पुन्हा भरते. जामनेर, शेंदुर्णी, पाचोरा, फर्दापूर अशा चारी बाजूंच्या वाटा इथे एकत्र येतात. पहूर पेठ आणि पहूर कसबे मिळून झालेलं हे वाघूरकाठचं गाव. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी इथूनच जायची. ती २०२० पासून बंद आहे.

पहूरला विज्ञानाची नावाजलेली संस्था नाही. विज्ञानाचा विषय मात्र जिकडे बघावं तिकडे आहे. ज्या वाघूर नदीने अजिंठ्याचा बेसॉल्ट कापून नालाच्या आकाराची दरी केली आणि जिच्या कड्यात लेणी कोरली गेली, तीच नदी पुढे पहूरला येते, त्याच्याही पुढे धरणात अडते आणि जळगाव शहराला पाणी पाजते. शिवारात कापूस आहे, मका आहे, पाणी असेल तिथे केळी आहे. कापसावर गुलाबी बोंडअळी, केळीवर हरण्या रोग आणि मार्चनंतर तळ गाठणाऱ्या विहिरी, हेही आहेच. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात कुणीतरी अभ्यास केलेला आहे, किंवा करतो आहे.

त्याची रीत ठरलेली. संशोधक विद्यार्थी मोटारसायकलवर येतो. विहिरीचं पाणी बाटलीत भरतो, बाटलीवर चिठ्ठी डकवतो: तारीख, गाव, नमुना क्रमांक. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घेतो, वीतभर खोलीपर्यंतची माती कडेने खरवडून गोणपाटावर एकत्र करतो. ढिगाचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेलं मिसळून पुन्हा चार भाग, असं अर्धा किलो माती उरेपर्यंत. ती कापडी पिशवीत जाते. शेतकरी बांधावर उभा राहून बघतो, चहाला या म्हणतो. शाळा सुटलेली दोन-तीन पोरं कुंपणापाशी रेंगाळतात. मोटारसायकल निघून जाते. काही वर्षांनी इंग्रजीत प्रबंध तयार होतो आणि त्यातल्या एखाद्या तक्त्यात गावाचं नाव एका ओळीत येतं, समोर आकडे. ज्याच्या विहिरीचं पाणी नेलं होतं त्याला ते आकडे कळलेले नसतात.

निकाल कळवणारे मार्गदर्शकही आहेत. पण ते त्यांच्या सज्जनपणामुळे कळवतात, तसा नियम आहे म्हणून नव्हे. खानदेशचा कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन परत तरी येतो, विकत का होईना. नमुन्याच्या नशिबी तेवढंही नाही.

विद्यापीठातलं संशोधन शाळांशी आणि समाजाशी जोडायला हवं, यावर कुणाचाही मतभेद नाही आणि तीच खरी अडचण आहे. ज्या गोष्टीला सगळ्यांची मान हलते ती कुणाच्याच अंगावर पडत नाही. म्हणून मागणी लहान आणि मोजता येईल अशी करावी: ज्या गावातून नमुना नेला, त्या गावाच्या शाळेत निकाल परत आणावा. मराठीत, दोन पानांत, आणि नेणाऱ्याने स्वतः येऊन.

ग्रामपंचायतीत का नको, शाळेतच का? ग्रामपंचायतीत कागद फायलीला लागतो. शाळेत तो चाळीस पोरांसमोर वाचला जातो आणि संध्याकाळपर्यंत चाळीस घरांत पोचतो. शिवाय शाळेत प्रश्न विचारायची मुभा असते, निदान असायला हवी.

सध्या जे चालतं ते वर्षातून एकदा चालतं. २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला रामन यांनी आपल्या शोधाची घोषणा केली आणि १९८७ पासून देशभर हा दिवस साजरा होतो. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, थर्मोकोलचा ज्वालामुखी फेसाळतो, बक्षिसं वाटली जातात. यात वाईट काही नाही. पण ज्वालामुखी करणाऱ्या मुलाला आपल्या पायाखालचा काळा दगड हाच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, हे माहीत नसेल तर तो खेळ थर्मोकोलपुरताच राहतो. पहूरहून अजिंठा वीस-पंचवीस किलोमीटर. सहल लेण्यांत जाते, पद्मपाणी बघते, डबे खाऊन परत येते. त्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्याचाही अभ्यास झालाय, ही गोष्ट सहलीच्या बसपर्यंत पोचत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई आणि पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंह यांनी २०१६ साली दाखवून दिलं की वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत आणि ते किडीला रोखत आले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ही भांग नाही. तिथे किडीने चित्रांचं मोठं नुकसान केलं. एका गवंडीकामाच्या युक्तीवर चित्रांचं आयुष्य ठरलं. आठवीतल्या मुलाला इतिहास, जीवशास्त्र आणि रसायन एकाच भिंतीवर दाखवायला याहून चांगला धडा कुठे मिळेल?

कागदावर तर सोय केव्हाचीच झालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्येच अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य ही विद्यापीठाची तिसरी जबाबदारी मानली. ९ जुलै २०१५ रोजी डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय आविष्कार अभियान सुरू झालं. शाळांना जवळच्या उच्च शिक्षण संस्थांचा हात धरायला मिळावा हा त्यातला एक हेतू. २०२२ मध्ये केंद्राच्या विज्ञान विभागाने वैज्ञानिक सामाजिक दायित्वाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. शास्त्रज्ञांनी वर्षाला किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, असं त्यात आहे. जळगावच्या विद्यापीठाचं स्वतःचं बीजही याच भावनेत आहे. पुणे विद्यापीठाच्या पसाऱ्यात खानदेशकडे लक्ष पुरत नाही म्हणून १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ वेगळं झालं, आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. शाळेची पायरी न चढलेल्या आणि पेरणीपासून सुगरणीच्या खोप्यापर्यंत सगळं डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या बाईचं नाव धारण करणं ही सोपी गोष्ट नव्हे.

आणि खानदेशात हे आधी घडलेलं आहे. रावेर तालुक्यातलं खिरोदा हे गाव १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे नाव झालेल्या फैजपूरच्या पंचक्रोशीतलं. गावाला शिक्षणाची जुनी ओढ. शिक्षणमंत्री राहिलेले मधुकरराव चौधरी इथलेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं, तेव्हा केंद्राचा संसार नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत होता. त्या केंद्राने ग्रामीण प्राथमिक शाळांतलं विज्ञान कमी खर्चात सुधारता येतं का, हे तपासायला जे पहिले प्रकल्प हाती घेतले त्यात खिरोद्याचा प्रकल्प होता. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी मूलभूत कणांच्या आणि किरणांच्या संस्थेतून निघाले ते केळीच्या बागांमधल्या शाळांत पोचले. महागडी उपकरणं नकोत, गावात मिळेल त्यावर भागवायचं आणि शिक्षकाला सोबत घेऊनच पुढे जायचं, ही त्यामागची धारणा.

याच केंद्रातल्या कुलकर्णी आणि गंभीर यांनी पुढे एक गोष्ट शोधली, ती आजही अंगावर यावी अशी आहे. मुलांना विज्ञान कळत नाही याचं मोठं कारण विज्ञान नसून पाठ्यपुस्तकाची मराठी आहे. संस्कृतप्रचुर, लांबलचक, कर्मणी वाक्यांची मराठी. मजकूर तोच ठेवून भाषा सोपी केली तेव्हा मुलांना विषय कळू लागला आणि ती वर्गात बोलूही लागली. हा निष्कर्ष १९८० च्या सुमाराचा. शाळेत पाय ठेवला म्हणून तो हाती लागला, हे महत्त्वाचं. शास्त्रज्ञ शाळेत गेले की शाळेचं भलं होतं असं आपण धरून चालतो, पण इथे शाळेने शास्त्रज्ञांना त्यांच्या प्रयोगशाळेत कधीच न मिळणारं ज्ञान दिलं. आजच्या प्रबंधाचा सारांश मराठीत लिहायला बसणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला धडा इथूनच घ्यावा लागेल. "सदर अभ्यासांतर्गत निरीक्षणे नोंदविण्यात आली" असं लिहून आणलं तर तो कागद इंग्रजीत असता तरी फरक पडला नसता.

आता आजचं उदाहरण. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवड्यातून एकदा मोठ्या मुलींना आणि मुलांना निळी गोळी मिळते. लोहाची आणि फॉलिक आम्लाची. मळमळतं म्हणून काहीजणी ती तोंडात धरतात आणि नंतर थुंकतात. रक्त कमी असतं, लोह हवं, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण या लोहाची केवढी मोठी गोष्ट खानदेशच्याच जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पसरलेली आहे! काळ्या मातीत लोह भरपूर, कारण बेसॉल्टमध्ये ते आहेच. तरी चुनखडीच्या रानात भुईमुगाची पानं पिवळी पडतात. लोह मातीत आहे पण विरघळत नाही, म्हणून मुळांना घेता येत नाही. मातीतले काही जिवाणू मात्र ते मिळवतात. ते एक रेणू बाहेर सोडतात, तो लोहाला पकडून आणतो. त्याला सिडेरोफोर म्हणतात. जळगावच्या विद्यापीठात सुधीर चिंचोलकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या रेणूंवर वर्षानुवर्षं काम केलं; शहाद्याच्या महाविद्यालयातही ते पुढे चाललं. लोह आधीच पळवून रोगकारक बुरशीला उपाशी मारायचं, हा त्याचा शेतीतला उपयोग.

तिकडे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीवर काम झालं. तिथून निघालेल्या फुले महाशक्ती या संकरित वाणात किलोमागे सुमारे ८७ मिलिग्रॅम लोह असतं. नेहमीच्या वाणांत ४५ ते ५०. म्हणजे जी बाजरी खानदेशात घरोघर हिवाळ्यात भाकरी होऊन ताटात येते, तिच्यातच जवळजवळ दुप्पट लोह घालून ठेवण्याची किमया धुळ्यात झाली आहे. निळी गोळी हातात घेतलेल्या मुलीला हे कोण सांगतं? माती, जिवाणू, बाजरी, रक्त, गोळी ही साखळी एका तासात फळ्यावर मांडता येईल. भाकरीबरोबर लिंबू पिळलं तर लोह जास्त अंगी लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी, ही गोष्ट त्याच तासात सांगता येईल आणि ती त्याच रात्री घरात वापरली जाईल. जळगावच्या विद्यापीठातला सूक्ष्मजीवशास्त्राचा आणि धुळ्याचा बाजरीचा संशोधक एका शाळेत एका दुपारी एकत्र आले, तर खर्च येईल तो पेट्रोलचा.

शेतीच्या संशोधनाची तर अशी दबून राहिलेली कितीतरी नावं आहेत. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात तैवानहून आलेल्या बियाण्यातून निवडलेला भुईमुगाचा जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, १९७० च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांच्या हाती आला. त्यातलं जेएल म्हणजे जळगाव. तो मालावीत काकोमा या नावाने आणि झांबियात लुएना या नावाने पेरला गेला. आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला माहीत असलेली जळगावची ओळख जामनेर तालुक्यातल्या दहावीच्या वर्गात विचारून बघावी.

इथवर प्रवाह विद्यापीठाकडून शाळेकडे. उलट दिशेचा प्रवाह अधिक कामाचा आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. कापसाचं घ्या. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. गुलाबी बोंडअळीने काही वर्षांत दोन्हींना दाद देणं सोडलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं आतून पोखरली गेली. तेव्हापासून पूर्वहंगामी लागवड टाळा, ठरलेल्या तारखेआधी बियाणं मिळणार नाही, वेचणीनंतर जुनं पीक फरदड म्हणून ठेवू नका, असे आदेश दरवर्षी निघतात. खानदेशात विहिरीचं पाणी असलेला शेतकरी मे महिन्यात कापूस लावत आलेला आहे. त्याला हा आदेश जाच वाटतो आणि तो शेजारच्या राज्यातून बियाणं आणतो. अळीला लवकर फूल मिळालं की तिची एक पिढी जास्त होते, हे त्याला समजावून सांगायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याच्याच गावचे आकडे.

हे आकडे शाळा देऊ शकते. कामगंध सापळा म्हणजे प्लॅस्टिकची नरसाळ्यासारखी टोपी, खाली पिशवी, आत मादीच्या वासाची गोळी. पिकाच्या शेंड्याच्या थोडं वर तो काठीला बांधायचा. रात्री नर पतंग येऊन पिशवीत अडकतात. सकाळी पिशवी सोडायची आणि मोजायचं. पतंग एक सेंटीमीटरही नसतो, करडा-तपकिरी, बोटाला लागला तर पावडर राहते. सलग तीन रात्री सरासरी आठ किंवा जास्त पतंग सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं शास्त्र सांगतं. प्रार्थनेआधी शाळेच्या कुंपणाजवळच्या शेतात हे मोजायला दहा मिनिटं लागतात. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या डोमकळ्या मोजायला आणखी दहा. जामनेर तालुक्यातल्या पन्नास शाळांनी जुलैपासून डिसेंबरपर्यंत हे केलं, तर पतंगांची लाट कुठे आधी उठते आणि कुठे नंतर, याचा असा नकाशा तयार होईल जो विद्यापीठातल्या दोन-चार माणसांना स्वतः हिंडून कधीच काढता येणार नाही. त्या नकाशावर संशोधक निबंध लिहील. पोरांना आठवड्याला आलेख परत मिळेल. शाळेच्या फळ्यावरचा आजचा आकडा बापाला फवारणीचा निर्णय घ्यायला लागेल.

पोरांनी घेतलेल्या नोंदींवर विश्वास ठेवायचा का, असं शास्त्रज्ञ विचारतात. विचारावंच. पण भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. मध्ये काय झालं हे कुणालाच कळत नाही. शाळेच्या पोरांनी दोरीला दगड बांधून दर सोमवारी तीच विहीर मोजली आणि त्यात वीतभर चूक झाली, तरी पाणी कोणत्या आठवड्यात पडायला लागलं हे कळेल. झाडांना पालवी, फूल, फळ कधी येतं याच्या नोंदी घेणाऱ्या सीझनवॉच उपक्रमात केरळच्या शाळा वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत. चुकीच्या नोंदी गाळायच्या युक्त्या संख्याशास्त्राकडे आहेत. न घेतलेली नोंद मात्र कुठल्याच युक्तीने मिळत नाही.

न घेतलेल्या नोंदीची खानदेशातली सगळ्यात गाजलेली गोष्ट रानपिंगळ्याची. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने शहादा-तळोद्याच्या जंगलात या घुबडाचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर त्याचा पत्ता नाही. मधे कर्नल माइनर्टझहागेन यांच्या संग्रहात १९१४ चा एक नमुना होता, गुजरातचा म्हणून. तो चोरीचा आणि खोट्या चिठ्ठीचा निघाला. ते बिंग फोडणाऱ्या पामेला रासमुसेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या जागांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ हा पक्षी शोधून काढला. ११३ वर्षांनी. गंमत अशी की हा पिंगळा दिवसाढवळ्या झाडाच्या शेंड्यावर बसतो. रात्री दिवा घेऊन हुडकायची गरज नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांमधल्या शाळांत या पक्ष्याचं चित्र कुणी आधीच लावलं असतं तर काय झालं असतं, हे आता सांगता येत नाही. पण ते चित्र लावायला अमेरिकेहून माणूस यायची गरज नव्हती एवढं नक्की.

असे प्रयत्न टिकत का नाहीत? सातपुड्यापलीकडे तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम अजून लोकांच्या आठवणीत आहे. टाटा संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसत, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला परवानगी असे, आणि मुलांनी सवालीराम या काल्पनिक माणसाला पत्रं लिहून वाटेल ते विचारायचं. पुढे एकलव्य संस्थेने तो सांभाळला, तो अनेक जिल्ह्यांत पसरला. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने एका निर्णयाने तो बंद केला. जे सरकारच्या मर्जीवर उभं राहतं ते मर्जी फिरली की बसतं. जयंत नारळीकरांसारखी माणसं एकटीही बरंच करून गेली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि उत्तर सही करून धाडत. पण सगळ्या विद्यापीठांना नारळीकर कुठून आणायचे? नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात निघालेली विज्ञान दुकानं जास्त शिकण्यासारखी आहेत. नागरिकांनी प्रश्न घेऊन विद्यापीठात जायचं, आमच्या कालव्याच्या पाण्यात काय आहे वगैरे. विद्यार्थी त्याचा अभ्यास करतो आणि तो अभ्यास त्याच्या पदवीत मोजला जातो. कुणाच्या दयेवर काही नाही.

इकडे मोजलं जाण्याचाच प्रश्न आहे. विद्यापीठातल्या प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांवर हलते. पहूरच्या शाळेत घालवलेल्या दुपारचे गुण शून्य. शाळेतला शिक्षक मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब आणि रोज नव्या ऑनलाइन तक्त्यांत बुडालेला. त्याच्यावर आणखी एक उपक्रम लादला तर तो फोटो काढून अपलोड करेल आणि मोकळा होईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणूनच भार विद्यापीठावर असावा, शाळेवर नको.

आणखी एक अडचण आहे, ती सभ्य चर्चेत कुणी काढत नाही. निकाल वाईट आला तर? पिण्याच्या पाण्याची साधी तपासणी म्हणजे एच-टू-एस बाटली. पाणी भरून झाकण लावायचं, खोलीत ठेवायचं, एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जिवाणू असण्याची शक्यता मोठी. नववीतल्या मुलाच्या हातात काळी पडलेली बाटली असेल आणि ते पाणी सरपंचाच्या गल्लीतल्या टाकीचं असेल, तर मुख्याध्यापकांना फोन येईल. राज्यात पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देण्याची पद्धत आहे. लाल कार्ड कुणालाच नको असतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणीचे संच वापरायला शिकवलं आहे. त्यांच्यासोबत शाळा आणि मागे विद्यापीठाची प्रयोगशाळा असली, तर एकट्या शिक्षकावर रोष येणार नाही. निकालावर विद्यापीठाचा शिक्का असेल, पुन्हा तपासणीही विद्यापीठच करेल. हे बळ शाळेला फक्त विद्यापीठच देऊ शकतं, आणि ते देणं हे भाषण देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

मग करायचं काय? जळगावच्या विद्यापीठाला यासाठी मुंबई-दिल्लीच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. विद्या परिषदेने ठराव करावा: जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून माती, पाणी, पीक, प्राणी किंवा माणसांच्या मुलाखती घेऊन झालेला प्रबंध जमा करताना त्या त्या गावातल्या एका शाळेत निकाल सांगितल्याचा पुरावा जोडावा लागेल. दोन पानांचा मराठी सारांश शाळेच्या सूचनाफलकावर राहील. मार्गदर्शकाच्या मूल्यमापनात त्याला गुण मिळतील. पहूरला तो विहिरींचा असेल, रावेरला हरण्याचा, शहाद्याला पिंगळ्याचा.

यावर लगेच आक्षेप येईल आणि तो खरा आहे. मुख्याध्यापकांचा शिक्का आणणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. वर्षभरात टपऱ्यांवर अशा दाखल्यांचे छापील नमुने मिळतील. तेव्हा शिक्का नको. वर्गात मुलांनी विचारलेले निदान पाच प्रश्न त्यांच्याच अक्षरात आणि त्यांना दिलेली उत्तरं, एवढे कागद प्रबंधाच्या शेवटी जोडावेत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाने त्यातला एखादा प्रश्न उमेदवाराला पुन्हा विचारावा.